पासंग, पोकळी आणि टिचबटण

1958 साली मिलानमध्ये आकिले आणि पिएर जाकोमो या कास्तिल्योनी बंधूंनी एका टेबललॅम्पचा नमुना केला. खाली जाडजूड खांबासारखी बैठक, तिच्या पोटात बल्ब, बैठकीच्या तोंडावर ठेवलेला पारदर्शक कटोरा आणि कटोऱ्यावर झाकणासारखी पांढरी चकती. उजेड वर जाणार, चकतीवर आपटून खाली वळणार आणि मऊ होऊन टेबलावर उतरणार. बल्ब डोळ्याला दिसायचाच नाही. कागदावर काही खोट नव्हती. पण कटोरा प्लॅस्टिकचा होता आणि बल्बच्या आचेने तो वाकला. 1962 साली फ्लोस कंपनीने हाच दिवा ‘ताच्चा’ या नावाने काढला तेव्हा कटोरा फुंकलेल्या काचेचा झाला होता.

टेबललॅम्प ही फसवी वस्तू आहे. दिसायला काय, एक बैठक, एक दांडा, एक शेड. करायला बसलं की तीन पाहुणे न बोलावता दारात उभे राहतात: उष्णता, वायर आणि वजन. तिघांनाही घरात जागा द्यावीच लागते. युद्धानंतरच्या इटालियन दिव्यांना आपण देखणे म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा या तिघांची सोय कुठे लावली आहे, त्यालाच दाद देत असतो. फक्त ते आपल्या ध्यानात येत नाही.

ताच्चाचंच घ्या. बैठकीवरच्या उभ्या पन्हळी पाहून लोकांना देवळाचे खांब आठवतात. आठवोत बापडे. पण तंतूच्या बल्बला दिलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जाते. 60 वॉटचा बल्ब म्हणजे 55 वॉटची शेगडी आणि वर थोडा उजेड. ही शेगडी बंद नळीत ठेवायची तर नळीला थंड व्हायला अंग हवं. पन्हळींमुळे ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग वाढतो आणि तेवढी जास्त हवा त्याला भिडते. मोटारसायकलच्या इंजिनावरच्या पट्ट्या हेच काम करतात. आणि कटोरा बैठकीला कुठेच जोडलेला नाही. चुंबळीवर घागर टेकावी तसा नुसता टेकलेला. हवा तिकडे कलता करायचा, तिथे राहतो. सांधा नाही, स्क्रू नाही, म्हणजे सैल व्हायलाही काही नाही.

हे सगळं मिलानमध्येच का झालं, याची उत्तरं पुष्कळ दिली जातात. मला पटतं ते साधं आहे. 1943 च्या बॉम्बवर्षावात शहराची पडझड झाली होती, पॉलितेक्निको या तिथल्या तंत्रविद्यापीठातून शिकून बाहेर पडलेले तरुण वास्तुकार पुष्कळ होते, आणि शहराच्या उत्तरेला ब्रियांत्सा भागात सुतार, पत्राकाम करणारे आणि रंगारी यांचे छोटे कारखाने होते. इमारतीचं काम मिळेपर्यंत खुर्ची करा, दिवा करा. नमुना आठवड्यात हातात. 1954 साली ला रिनाशेन्ते या मोठ्या दुकानाने ‘कोम्पासो द’ओरो’ म्हणजे सोन्याचा कर्कटक हे पारितोषिक सुरू केलं आणि कारखानदारांनाही या कामात मान दिसू लागला. विमानं करणाऱ्या पियाज्जोकडे कोर्रादिनो दास्कानियो या विमानांच्याच इंजिनिअरने 1946 साली व्हेस्पा ही स्कूटर केली, तीही याच हवेत. तिचा वंश पुढे परवान्याने आकुर्डीत वाढला आणि 1972 साली चेतक झाला. म्हणजे इटालियन डिझाइन म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी किक मारून अनुभवलेलं आहे. पण ते असो.

वीको माजिस्त्रेत्ती हा या मंडळींतला एक. 1920 चा जन्म, 1945 ला वास्तुशास्त्राची पदवी. चांगलं डिझाइन टेलिफोनवरून सांगता आलं पाहिजे, असं तो म्हणायचा. त्याचा ‘एक्लिस्से’ आर्तेमिदे कंपनीने काढला आणि 1967 साली त्याला कोम्पासो द’ओरो मिळालं. नावाचा अर्थ ग्रहण. रंगवलेल्या पत्र्याचे तीन अर्धगोल: एक बैठक, एक बाहेरचं स्थिर कवच, एक आतलं फिरतं. आतलं कवच बोटाने फिरवलं की ते बल्बपुढे येतं; आधी खंडग्रास, मग जवळपास खग्रास. कडेने तेवढी प्रकाशाची कोर उरते. डिमर नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. उंची 18 सेंटिमीटर, व्यास 12.

असा दिवा स्वतः करून पाहणाऱ्याने दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. होल्डर स्थिर ठेवायचा, फिरायचं ते फक्त कवचाने. होल्डरही फिरला तर वायर पिळत जाते आणि काही महिन्यांत आतल्या तारा तुटतात. दुसरी गोष्ट, दोन कवचांमधली फट. फट 3 मिलिमीटर धरली आणि आतलं कवच एका बाजूला 1 मिलिमीटरने अंडाकृती निघालं, आसही तेवढाच सरकला, की उरतो 1 मिलिमीटर. त्यात दोन्हीकडच्या रंगाचे थर. महिन्याभरात आतल्या कवचावर नेमका डोळ्यांसमोर अर्धवर्तुळाकार ओरखडा उठतो. आधी रंगवून मग जुळवणी करणाऱ्यांचं हे हमखास होतं. कोरी कवचं जुळवून फिरवून पाहायची, घासतात तिथे खूण करून ठोकून घ्यायची, मगच रंगाला पाठवायची.

एक्लिस्सेत एक खरी उणीवही आहे. 25 वॉटचा बल्ब नावाला लहान, पण एवढ्याशा पोकळीत आतलं कवच सडकून तापतं, आणि उजेड कमी-जास्त करायला हात लावायचा तो नेमका त्यालाच. रात्री झोपताना दिवा मंद करायला गेलेल्या बोटांना चटका बसतो. इतक्या चतुर दिव्यात ही चूक राहावी याचं नवल वाटतं. आज अडीच-तीन वॉटचा एलईडी लावला की प्रश्न संपतो, म्हणजे 1960 च्या दशकातला हा दिवा पूर्ण व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. मात्र बल्ब निवडताना त्याची लांबी मोजून घ्या. काही एलईडी बल्ब जुन्यापेक्षा सेंटिमीटरभर लांब असतात आणि कवचाला अडतात.

टेलिफोनच्या कसोटीला सगळ्यात सोपा उतरतो तो माजिस्त्रेत्तीचाच ‘आतोल्लो’. ओलुचे कंपनी, 1977. कोम्पासो द’ओरो 1979. दहावीच्या महत्त्वमापनाच्या धड्यातलं उदाहरण वाटावं असा: खाली वृत्तचिती, तिच्या डोक्यावर शंकू, त्यावर अर्धगोल. मोठ्या आकाराची उंची 70 सेंटिमीटर, घुमटाचा व्यास 50. घुमट एका बारीक दांडीवर टेकलेला असतो, पण दिवा लागला की शंकू इतका उजळतो की दांडी नजरेतून जाते आणि घुमट अधांतरी तरंगतो. प्रकाश शंकूच्या टोकाशी भरपूर, खाली उतरता उतरता विरत जाणारा, आणि वृत्तचिती सुरू होते तिथे जवळपास संपलेला. शेड, दांडा, बैठक हे नेहमीचेच तीन भाग. पण दांडा इथे उजेड झेलणारा पडदा झाला आहे.

असा घुमट ॲल्युमिनियमच्या चकतीतून लेथवर ओढून काढता येतो. या कामाला कारखान्यात स्पिनिंग म्हणतात, आणि ते आपल्याला परकं नाही. ॲल्युमिनियमची पातेली अशीच होतात. आधी चकती किती मोठी घ्यायची? अर्धगोलाचं वक्र क्षेत्रफळ 2πr². पत्र्याची जाडी फारशी बदलत नाही असं धरलं तर चकतीचं क्षेत्रफळही तेवढंच हवं. हिशेब सोडवला की चकतीचा व्यास घुमटाच्या व्यासाच्या 1.414 पट येतो. 50 सेंटिमीटरच्या घुमटाला 70.7 सेंटिमीटरची चकती. प्रत्यक्षात पत्रा थोडा ताणला जातो, म्हणून कारागीर जरा लहानच घेतो, आणि काठ कापायला 10-15 मिलिमीटर राखून ठेवतो.

चकती लाकडी किंवा लोखंडी फर्म्यावर मधोमध दाबून बसवायची, साबण किंवा चरबी चोळायची, लेथ सुरू करून रोलरने मधून कडेकडे रेटत न्यायची. एवढी मोठी चकती मिनिटाला पाचेकशे फेऱ्यांच्या वर पळवू नये. एका दमात अर्धगोल होत नाही. आधी उथळ ताट, मग परात, मग टोप, असं चार-सहा हातांनी खाली आणावं लागतं. घाई केली की काठाला सुरकुत्या पडतात, आणि एकदा घडी पडली की ती चकती भंगारात. रोलर फिरवून सुरकुती सपाट दिसते, पण दुसऱ्या हाताला तिथेच चीर जाते. म्हणून काठाच्या मागून दुसरं हत्यार टेकवून धरायचं, म्हणजे पत्रा रोलर आणि टेकू यांच्यात चिमटीत राहतो.

ॲल्युमिनियम रेटून रेटून ताठर होतं. ते पुन्हा नरम करायला तापवावं लागतं, पण तापल्याचा रंग ॲल्युमिनियम दाखवत नाही. लोखंड लाल होतं, हे एकदम वितळतं. त्यावर जुनी युक्ती साबणाचीच आहे: कोरडा साबण पत्र्यावर रेघांनी घासायचा आणि खालून ज्योत फिरवायची. रेघा तपकिरी होऊन काळ्या पडल्या की पत्रा साधारण साडेतीनशे अंशांना पोचला. तिथेच थांबायचं.

फर्म्यावरून उतरलेल्या घुमटावर रोलरच्या बारीक कड्या असतात. चकचकीत रंग त्या झाकत नाही, उलट आरशासारख्या उठवतो. 220 आणि मग 400 नंबरच्या पेपरने घासायचं, तेलाचा अंशही राहू द्यायचा नाही, नाहीतर भट्टीत त्याची वाफ होऊन रंगात टाचणीएवढी भोकं पडतात. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड भट्टीत भाजून बसवणं, करणार असाल तर खड्डे भरायला गाड्यांची नेहमीची पुट्टी वापरू नका. भट्टीत 180-200 अंशांना ती फुगते. आतून मात्र मंद, चमक नसलेला पांढरा. चकचकीत पांढऱ्यात बल्बचं प्रतिबिंब दिसतं आणि लपवलेला बल्ब मागच्या दाराने परत येतो.

आतोल्लोच्या नकला ढिगाने मिळतात आणि बहुतेक एकाच ठिकाणी फसतात: घुमट आणि शंकू यांच्यातली पोकळी. पोकळी वाढली की बसलेल्या माणसाला बल्ब दिसतो. कमी झाली की शंकू काळवंडतो आणि घुमट तापतो. मूळ मापांचा हिशेब मांडून पाहा. 70 मधून अर्धगोलाचे 25 वजा केले तर घुमटाचा काठ टेबलापासून 45 सेंटिमीटरवर येतो. टेबल 74 चं धरलं तर जमिनीपासून 119, आणि खुर्चीवर बसलेल्या मोठ्या माणसाचा डोळा साधारण 115 ते 120 वर असतो. काठ नेमका नजरेच्या रेषेत! तोच दिवा छातीएवढ्या कपाटावर ठेवला तर बल्ब थेट डोळ्यांत घुसतो आणि लोक दिव्याला नावं ठेवतात. आतोल्लोलाच मुरानोच्या, म्हणजे व्हेनिसजवळच्या काचकामाच्या बेटावरच्या, दुधी काचेचा भाऊ आहे. तो सुरेख दिसतो, मान्य. पण घुमटच प्रकाशला की शंकूचं काम जातं, आणि शंकूचं काम गेलं की राहतो एक महागडा भूछत्र.

वजनाचं आता. सगळ्यात मोकळेपणाने तो प्रश्न जीनो सार्फात्तीने सोडवला. विमानविद्या शिकलेला, 1939 साली आर्तेलुचे ही कंपनी काढणारा आणि सहाशेच्या वर दिवे केलेला हा माणूस. 1966 च्या त्याच्या 600 क्रमांकाच्या छोट्या दिव्याला बैठकच नाही. शिशाच्या गोळ्या भरलेली चामड्याची पिशवी आहे. दिवा हवा तसा कलता करून पिशवीत रुतवायचा. वजन लपवलं नाही, मऊ केलं.

रिचर्ड झापरचा ‘तीत्सिओ’ नेमका उलट टोकाचा. झापर म्युनिकचा, मर्सिडीजमध्ये काम करून 1958 साली मिलानला आला. त्याला कामाच्या टेबलावर असा दिवा हवा होता ज्याचा हात लांब पण डोकं चिमुकलं असेल, आणि जो टेबलाच्या काठाला शिकंज्याने आवळावा लागणार नाही. आर्तेमिदेने तो 1972 साली काढला. इटालियनमध्ये ‘तीत्सिओ, कायो, सेम्प्रोनिओ’ म्हणजे आपल्या सोम्यागोम्यांची त्रयी. जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसलेल्या दिव्याचं नाव सोम्या आहे, हे मला त्याच्या आकाराइतकंच आवडतं.

हलत्या हाताच्या दिव्यांत त्याआधी राज्य होतं स्प्रिंगचं. इंग्रज इंजिनिअर जॉर्ज कार्वर्डाइनने 1932 साली ती रीत बसवली. स्प्रिंग हलकी, पण दिसते आणि वर्षांनी सैलावते. झापरने तराजू घेतला. दोन हात, आणि प्रत्येक हाताच्या मागच्या टोकाला पासंग, म्हणजे तोल साधणारं वजन. तरफेचा शाळेतला नियम इथे पुरतो, पण त्याची एक मेख आहे. समजा, दोन्ही हातांचं पुढचं आणि मागचं अंतर 4 ला 1 आहे. दिव्याच्या डोक्यात 10 ग्रॅम वाढवले, तर वरच्या हाताच्या पासंगात 40 वाढवावे लागतात. आता खालच्या हाताच्या टोकावर 50 ग्रॅम जास्त आले, म्हणजे त्याच्या पासंगात 200. डोक्याला 10, एकूण 250! म्हणूनच डोकं चिमुकलं असणं हा नखरा नव्हता. मोटारीच्या दिव्यांसाठी आलेला 12 व्होल्टचा हॅलोजन बल्ब बोटाच्या पेराएवढा असतो. तो नसता तर हा दिवा झालाच नसता.

घरी असा हात करणारे आणखी एका ठिकाणी फसतात. डोक्याचा भार, सांधा आणि पासंग एका सरळ रेषेत हवेत. पासंग रेषेच्या खाली लोंबता ठेवला तर हात एकाच कोनात तोलतो, बाकी सगळीकडून त्या कोनाकडे परत येतो. रेषेच्या वर ठेवला तर जरा हलवताच कोसळतो. रेषेत असला तर कुठेही सोडा, तिथेच थांबतो. आणि हिशेब कितीही चोख केला तरी सांध्यात थोडं घर्षण राहू द्यायचं; पाच-दहा ग्रॅमची चूक ते पोटात घालतं. सांध्यात तेल घालणाऱ्याचा दिवा हळूहळू मान टाकतो.

वायरचं काय केलं? काढूनच टाकली. 12 व्होल्टचा करंट हाताच्या दोन धातूच्या पट्ट्यांतूनच वर जातो, एकीतून जायचा, दुसरीतून यायचा. ट्रान्सफॉर्मर बैठकीत; त्याचं लोखंड आणि तांबं हेच दिव्याचं बूड. एका ट्रान्सफॉर्मरने वायरही घालवली आणि वजनही दिलं. फुकट मात्र काही मिळत नाही. 50 वॉट भागिले 12 व्होल्ट म्हणजे 4.2 अँपिअर, 230 व्होल्टला हाच करंट 0.22 झाला असता. एवढा करंट सांध्यांमधून जातो, तेव्हा सांध्यांचा मळ महागात पडतो. सगळ्या सांध्यांचा मिळून रोध 0.1 ओहम झाला तरी 0.42 व्होल्ट वाटेत जातात आणि पावणेदोन वॉटची उष्णता सांध्यांतच निघते. व्होल्टेजमधली ही घट साडेतीन टक्क्यांची, पण हॅलोजनचा उजेड तेवढ्यात दहा-बारा टक्क्यांनी उतरतो. जुना तीत्सिओ पिवळट, मलूल जळू लागला तर बल्ब बदलायच्या आधी सांधे पाहावेत. प्लग काढून, फडक्याला स्पिरिट लावून पुसायचं. पॉलिश पेपर लावायचा नाही. मुलामा निघून गेला की मळ दुप्पट वेगाने धरतो.

हॅलोजनच्या बल्बला उघडं बोट लावू नये, हे सगळेच सांगतात. कारण असं की बोटाचं तेल आणि मीठ तापलेल्या क्वार्ट्झवर भाजलं जातं, तिथे काच दुधी होते आणि बल्ब त्याच डागापाशी फुगतो किंवा तडकतो. चुकून लागलंच तर पेटवण्याआधी स्पिरिटने पुसलं की झालं. एलईडीची कॅप्सूल लावणार असाल तर वेगळी काळजी. जुना ट्रान्सफॉर्मर 12 व्होल्टचा एसी देतो, म्हणून डब्यावर एसी-डीसी दोन्ही लिहिलेली हवी, नाहीतर लुकलुकेल. हॅलोजन आपली उष्णता प्रकाशाबरोबर बाहेर फेकतो. एलईडी ती मागे, बुडाकडे सोडतो. तीत्सिओच्या चिमुकल्या डोक्यात ती साठते, म्हणून जास्त वॉटच्या मोहात पडलात तर कॅप्सूल लवकर मरते. शिवाय तिचं वजन 5-10 ग्रॅम जास्त असू शकतं, आणि 10 ग्रॅमचे किती होतात ते वर आलंच आहे.

नक्कल करणाऱ्यांसाठी एक ताकीद. उघड्या हातातून खेळवायचे ते 12 व्होल्टच, आणि तेही दोन्ही वेढे पूर्ण वेगळे असलेल्या सुरक्षित ट्रान्सफॉर्मरचे. दुय्यम बाजूला 5 अँपिअरचा फ्यूज टाका. दोन पट्ट्यांवर स्टीलची पट्टी आडवी पडली तर शॉक बसणार नाही, पण ठिणगी मोठी उडेल.

हे सांधे आहेत कशाचे? बाळाच्या झबल्याला असतात तसल्या टिचबटणांच्या जातीचे. दाबलं की बसतं, ओढलं की निघतं. तीच बिजागरी, तोच विजेचा जोड, आणि घर्षणही त्यांचंच. दिवा टेबलावरून पडला तर हात मोडत नाहीत, बटणं सुटतात. जमिनीवर तुकडे पसरलेले पाहून पोटात गोळा येतो खरा. पण प्लग काढायचा, तुकडे गोळा करायचे, मोठा पासंग खालच्या हाताला, लहान वरच्या, आणि अंगठ्याने एकेक सांधा दाबत जायचा. टिच् असा आवाज आला की तो सांधा लागला, आणि करंटही.